पार्टोग्राफवरच्या दोन तिरक्या रेघा

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीकडे, भर पावसात बाई अडली तर पहिला प्रश्न गाडी कुठवर येते हा असतो. डॉक्टर कोण, हे नंतर. राजूरचं ग्रामीण रुग्णालय, मग अकोले, मग संगमनेर. जिल्ह्याचं ठिकाण अहिल्यानगर शंभर किलोमीटरच्या पलीकडे. अशा मुलखातल्या लेबर रूममध्ये सिस्टर जो तक्ता भरते, त्याच्या मुळाशीही रस्त्याचाच हिशोब आहे.

तक्त्याचं नाव पार्टोग्राफ, बोलण्यात नुसतं ‘पार्टो’. गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते उभं मोजायचं, तास आडवे. न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी 1954 मध्ये शंभर पहिलटकरणींच्या नोंदींवरून असा आलेख मांडला. पण तो अभ्यासकाचा आलेख होता. रात्री दोन वाजता खाटेशी एकट्या उभ्या असलेल्या नर्सने काय करायचं, हे त्यात नव्हतं.

ते आलं आफ्रिकेतून. तेव्हाच्या ऱ्होडेशियात हरारे रुग्णालयाला जोडलेली बाहेरची प्रसूतिकेंद्रं प्रशिक्षित सुइणी सांभाळत. डॉक्टर मोजके आणि लांब. फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी 1972 मध्ये आलेखावर दोन तिरक्या रेघा ओढल्या. पहिली सावधगिरीची, तासाला एक सेंटिमीटर या चालीने चढणारी. दुसरी तिच्या उजवीकडे चार तासांवर, उपचाराची. चारच तास का? तेवढ्यात बाई मोठ्या रुग्णालयात पोचावी म्हणून. बाळंतपणाच्या शास्त्रात दळणवळण असं उघडपणे क्वचितच शिरलं असेल. पहिली रेघ ओलांडली की बाईला हलवायचं, हे सुईणच ठरवणार. माझ्या मते तक्त्याची खरी करामत इथे आहे: नर्सच्या अंदाजाला त्याने पुराव्याचं वजन दिलं.

जागतिक आरोग्य संघटनेने 1990-91 मध्ये इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडमध्ये 35,484 बाळंतपणांवर तो पारखला. अठरा तासांपेक्षा लांबलेली बाळंतपणं 6.4 टक्क्यांवरून 3.4 वर आली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या 2010 च्या मार्गदर्शिकेने सोपा केलेला पार्टो थेट एएनएम आणि स्टाफ नर्सच्या हाती दिला.

समजा, सकाळी दहाला तपासणीत तोंड चार सेंटिमीटर उघडलंय. फुली बरोबर पहिल्या रेघेवर. मग दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके आणि पोटावर हात ठेवून दहा मिनिटांतल्या कळा मोजायच्या. दुपारी दोनला पुन्हा तपासणी. आठ हवे होते, भरले सहाच. फुली दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये पडते: दोन तास गेले, दोनच उरले. १०८ ला फोन आत्ताच करायचा.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात पार्टो बाळ झाल्यावर, फाइल पुरी करायला भरला जातो, ही तक्रार जगभर आहे. असा तक्ता ओळखू येतो. सगळ्या फुल्या शहाण्या मुलांसारख्या रेघेवर बसलेल्या असतात. दोष सिस्टरच्या माथी मारणं सोपं, पण रात्रपाळीला लेबर रूम, वॉर्ड आणि दारात आलेला सर्पदंश एकटीने बघायचा असेल, तर पोटावर दहा मिनिटं हात ठेवणार कोण? हे मनुष्यबळाचं दुखणं आहे, ते प्रशिक्षणाच्या तासांनी बरं होत नाही.

पुढे खुद्द पुराव्यानेच रेघांना धक्का दिला. तासाला एक सेंटिमीटर ही चाल बऱ्याच निरोगी बायकांना जमत नाही, हे मान्य करून 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो दंडक सोडला आणि 2020 मध्ये नवा तक्ता दिला. त्यात तिरक्या रेघा नाहीत. प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मुदत आहे, पाचवर सहा तास, नवावर दोन. जवळ सोबतीण आहे का, बाई पाणी प्यायली का, यांनाही रकाने आहेत. बेळगावच्या संशोधकांचा सहभाग असलेली त्याची चाचणी कर्नाटकातल्या चार रुग्णालयांत झाली. 2024 मध्ये निष्कर्ष आले: पहिलटकरणींची सिझेरियन थोडी घटलेली दिसली, पण ठामपणे सांगावं इतका फरक निघाला नाही.

जिथे ऑपरेशन थिएटर शेजारच्या खोलीत आहे, तिथे नवा तक्ता उजवाच. घाटाखालच्या उपकेंद्रासाठी मात्र मला फिलपॉटची सावधगिरीची रेघ ठेवावीशी वाटते. पाच सेंटिमीटरवर सहा तास थांबायचं की तीन तासांतच गाडी मागवायची, हे तिथे गर्भपिशवीइतकंच घाटातल्या दरडीवर अवलंबून असतं.