लेप्टोस्पायरोसिस

लेप्टोस्पायरा या मळसूत्री आकाराच्या जिवाणूमुळे होणारा, प्राण्यांकडून माणसाला लागणारा ताप. कोकणात याला नुसते ‘लेप्टो’ म्हणतात. कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड असलेल्या याच्या तीव्र प्रकाराचे वर्णन जर्मन वैद्य आडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये केले. जिवाणूचा शोध जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी १९१५च्या सुमारास लावला.

उंदीर, घुशी, गुरे, डुकरे, कुत्री यांच्या मूत्रपिंडात हा जिवाणू वस्तीला असतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात जिवाणू कित्येक आठवडे तग धरतो. सुकल्यावर लवकर मरतो. तो जखमेतून, पायाच्या भेगांतून किंवा डोळ्या-तोंडाच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतो. माणसाकडून माणसाला लागण क्वचितच होते.

कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चिखलणी आणि लावणीच्या दिवसांत माणसे तासन्‌तास अनवाणी खाचरात उभी असतात. गोठ्यातले पाणी वाहत शेतात येते आणि बांधाबांधात उंदरांची बिळे असतात. सगळा दोष उंदराला देण्याची रीत आहे, पण गुरांचा वाटाही विसरण्याजोगा नाही. पुरानंतरचा चिखलही तितकाच धोक्याचा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा घरे-दुकाने उपसणाऱ्यांपुढे हीच भीती होती.

लागण झाल्यावर बहुधा एक-दोन आठवड्यांत थंडी भरून ताप येतो. डोके दुखते, पोटऱ्या दाबल्या तरी कळ येते, डोळे लाल होतात पण चिपडे नसतात. हा शेवटचा धागा महत्त्वाचा. कारण ताप, अंगदुखी आणि घसरलेल्या प्लेटलेट डेंग्यूतही असतात, मलेरियाही याच महिन्यांतला, आणि शेजारच्या सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाची भर पडली आहे. रक्तातली प्रतिपिंडे साधारण पाचव्या-सातव्या दिवसानंतर सापडतात. त्याआधी केलेली आयजीएम तपासणी ‘निगेटिव्ह’ आली, की लेप्टो नाही असे घरचे समजतात. पहिल्या आठवड्यात पीसीआर तपासणी उपयोगी, पण ती सगळीकडे होत नाही. लावणी अर्धी टाकून दवाखाना गाठणारे थोडे, आणि डोळे पिवळे दिसले की काविळीच्या गावठी औषधात आणखी दिवस जातात. मृत्यू येतो तो मूत्रपिंडे निकामी होऊन किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होऊन. हा रक्तस्राव कावीळ नसतानाही होतो.

२०१५ मधील एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे दहा लाख लोकांना हा रोग होतो व जवळपास ५९ हजार दगावतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर त्याची मोठी साथ आली होती.

उपचार जुने व स्वस्त आहेत: सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन, तीव्र आजारात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन. संशय बळकट असेल तर तपासणीच्या निकालासाठी थांबू नये. गमबूट घालण्याचा सल्ला पत्रकांत हमखास असतो, पण गुडघाभर चिखलात गमबूट रुतून बसतो. जखम झाकणे आणि काम आटोपल्यावर साबणाने पाय धुणे अधिक जमण्यासारखे. जोखमीच्या काळात वैद्यकीय सल्ल्याने आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिले जाते. गरोदर स्त्रिया व लहान मुलांना ते सहसा देत नाहीत. कुत्र्यांसाठी लस मिळते, माणसांसाठी भारतात ती वापरात नाही.