दशमांश : वऱ्हाडातील ख्रिस्ती परंपरा

दशमांश : उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कार्यासाठी वेगळा काढण्याची यहुदी व ख्रिस्ती प्रथा. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ती मुख्यतः प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये आढळते. वऱ्हाडात या प्रथेला दोन गोष्टींमुळे विशेष वळण मिळाले. येथील आरंभीचे अनेक मिशनरी ठरावीक पगाराशिवाय, देव पुरवील या भरवशावर काम करीत; त्यांनी उभ्या केलेल्या मंडळ्या मात्र दीर्घकाळ परदेशी पैशावर चालल्या. त्यामुळे दशमांश हा येथे वैयक्तिक श्रद्धेइतकाच मंडळीच्या स्वावलंबनाचाही प्रश्न ठरला.

शास्त्राधार : उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात अब्राहाम मलकीसदेकाला लुटीचा दहावा भाग देतो. मोशेच्या नियमशास्त्रात तो शेतीच्या व गुराढोरांच्या उत्पन्नावर आहे. लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता, म्हणून त्यांचा निर्वाह दशमांशावर चाले. त्यांनीही मिळालेल्याचा दहावा भाग याजकांसाठी द्यायचा असे. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातील लेवी, परके, अनाथ व विधवा यांच्यासाठी राखला जाई. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात दशमांश न देणे ही देवाची लूट ठरवली आहे आणि देणाऱ्याला भरभराटीचे व पीकरक्षणाचे अभिवचन दिले आहे. नव्या करारात येशू पुदिन्यापर्यंत दशमांश मोजून न्याय व दया विसरणाऱ्या परूश्यांना फटकारतो, तर दोन टोल्या टाकणाऱ्या गरीब विधवेचे दान सर्वांत मोठे ठरवतो. पौल टक्केवारी सांगत नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीच्या मानाने बाजूला काढावे आणि आनंदाने द्यावे, एवढेच सांगतो.

मध्ययुगीन युरोपात दशमांशाला कराचे रूप आले. तो फ्रान्समध्ये १७८९च्या क्रांतीत रद्द झाला. इंग्लंडमध्ये १८३६च्या कायद्याने धान्यरूप दशमांशाच्या जागी रोख आकारणी आली. आजच्या भारतात तो कायद्याने बंधनकारक नाही. कॅथलिक चर्चमध्येही आज दहाव्या भागाची सक्ती नाही. ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजा भागवणे हे कर्तव्य मानले जाते.

वऱ्हाडातील आरंभ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्बर्ट नॉर्टन यांनी एलिचपूर (आजचे अचलपूर) येथे स्वतंत्र मिशनरी म्हणून काम केले. मेळघाटातील कोरकू आदिवासींमध्ये काम करण्यासाठी निघालेल्या कोरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशनचेही एलिचपूर हे केंद्र होते. अकोल्यात मार्कस फुलर आणि जेनी फ्रो फुलर हे दांपत्य होते. १८९०च्या दशकात तेथील काम ए. बी. सिम्प्सन यांच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सशी जोडले गेले आणि अकोला हे त्या संस्थेचे मराठी मुलखातील मुख्य ठाणे बनले. अलायन्सच्या मिशनऱ्यांना पगाराची हमी नसे. जमा निधीतून भत्ता मिळे आणि निधी आटला की सर्वांच्याच वाट्याला कमी येई. या पद्धतीमागे ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचा आदर्श होता. कोणाकडेही पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर त्यांनी हजारो अनाथ मुले सांभाळली होती.

पंडिता रमाबाईंवरही म्युलर यांच्या चरित्राचा ठसा उमटला. रमाबाईंच्या कार्याला मदत करणाऱ्या अमेरिकेतील मंडळाची दहा वर्षांची हमी १८९८ साली संपली. त्यानंतर केडगावचे मुक्ती मिशन वाढत गेले ते प्रार्थना आणि ऐच्छिक देणग्यांवर. पुढे नॉर्टनही वऱ्हाड सोडून केडगावजवळच्या दौंड येथे मुलांचे अनाथगृह चालवू लागले. मराठी ख्रिस्ती इतिहासातील या वृत्तीचे दुसरे ठळक उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला.

स्वावलंबनाचा प्रश्न : १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाडातील मिशनकार्याचे स्वरूप बदलले. अलायन्सने अकोला व खामगाव येथे अनाथगृहे चालवली. त्यांत वाढलेल्या मुलांमागे ना शेत होते ना भाऊबंद. शिक्षण, हस्तव्यवसाय आणि पुढे नोकरी हे सारे मिशनकडूनच मिळे. मिशनऱ्याचा भरवसा देवावर आणि मंडळीचा मिशनवर, अशी विषम स्थिती यातून निर्माण झाली. अशा मंडळीने आपल्या पाळकाचा पगार स्वतः द्यावा, हा विचार मराठी मुलखाला नवा नव्हता. अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे रूफस अँडरसन यांनी १८५४-५५ मध्ये भारतात येऊन स्थानिक मंडळ्यांनी स्वतःचा कारभार, खर्च व प्रसार सांभाळावा या धोरणाचा आग्रह धरला होता. ते साधण्याचे व्यावहारिक साधन म्हणजे दशमांश. दहा कुटुंबांनी दहावा भाग दिला, तर अकराव्या कुटुंबाचा, म्हणजे पाळकाचा, त्यांच्याइतका निर्वाह होतो, असा त्याचा हिशेब आहे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न तातडीचा झाला. त्या वेळी अमरावती व अकोला हे जिल्हे मध्य प्रदेशात होते. तेथील सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६च्या अहवालात मिशनकार्यातील परदेशी पैशावर कठोर टीका केली. १९७६ साली परदेशी देणग्यांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा आला; त्याची जागा २०१०च्या अधिक कडक कायद्याने घेतली. परदेशी मिशनरी कमी झाले आणि पाळकाचे वेतन, इमारतीची डागडुजी व सुवार्ताकार्य यांचा भार स्थानिक अर्पणांवर येत गेला.

प्रत्यक्ष रीत : मराठी मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत अर्पणाची थैली फिरते. दशमांश बहुधा महिन्याला, पाकिटात घालून दिला जातो. वाढदिवस, लग्न, आजारातून उठणे, परीक्षेतील यश अशा निमित्तांनी दिले जाणारे उपकारस्तुतीचे अर्पण दशमांशाहून वेगळे मानतात. कापणीच्या सणाला धान्य, भाजीपाला, फळे, कोंबड्या वेदीपुढे येतात. अनेक ठिकाणी उपासनेनंतर त्यांचा लिलाव करून रक्कम मंडळीच्या खात्यात जमा होते.

शिक्षक, परिचारिका किंवा रेल्वे कर्मचारी यांना दहावा भाग काढणे सोपे जाते. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगणाऱ्या शेतकऱ्याचे तसे नाही. त्याच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाच्या वेचणीनंतर. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी आणि पीककर्जाची फेड करायची असते. दशमांश विक्रीच्या एकूण रकमेवर काढावा की खर्च वजा जाता उरलेल्यावर, याबाबत मंडळ्यांत एकमत नाही. नियमशास्त्रात खर्चाची वजावट सांगितलेली नाही. पण तेथे सावकार किंवा बँकेचे कर्ज काढून केलेल्या नगदी पिकाचाही विचार नाही. ऐपतीप्रमाणे देण्याचा पौलाचा दंडक अशा वेळी पुढे केला जातो.

मतभेद : दशमांश हा जुन्या करारातील नियम असल्याने ख्रिस्ती माणसावर बंधनकारक नाही, असे एक मत. तो नियमशास्त्रापूर्वी अब्राहामाने दिला म्हणून कायम लागू आहे, असे दुसरे. तिसरा वाद समृद्धीच्या शिकवणीचा आहे. दिल्यास देव अनेक पटींनी परत करतो, असे सांगणारे प्रचारक मलाखीतील अभिवचनाचा आधार घेतात. कापूसपट्ट्यात हे वचन थेट शेताला भिडते, कारण त्यात पीक खाऊन टाकणाऱ्या किडीचा उल्लेख आहे. मात्र २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली, तेव्हा तिने देणारा आणि न देणारा असा भेद केला नाही. समृद्धीच्या शिकवणीचे टीकाकार म्हणूनच दानाला परताव्याचा सौदा मानत नाहीत. देवावर भिस्त ठेवणे म्हणजे कर्ज काढून देणे किंवा घरच्यांचे औषधपाणी तोडणे नव्हे, असे ते बजावतात. आईवडिलांचा सांभाळ टाळण्यासाठी अर्पणाचे निमित्त करणाऱ्यांना येशूने दिलेला दोष ते याला आधार म्हणून दाखवतात.

अन्य परंपरा : शिखांचा दसवंध हाही दहावा हिस्सा आहे, मुसलमानांची जकात मात्र मुख्यतः उत्पन्नावर नसून ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या साठलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के असते. विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरच्या धर्मांतरानंतर केलेल्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्याचे आवाहन केले होते.

हिशेब व कायदा : मंडळीच्या मालमत्तेचे विश्वस्त मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून १९५०च्या राज्य कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवले जाते आणि त्याला लेखापरीक्षण लागू होते. प्राप्तिकर कायदा, १९६१ मधील ८०जी कलमाची सवलत निव्वळ धार्मिक कार्याच्या देणगीला सहसा नव्हती. त्यामुळे केवळ उपासनेच्या खर्चासाठी दिलेल्या दशमांशावर दात्याला त्या कलमाखाली करसवलत मिळत नसे. मान्यताप्राप्त धर्मादाय रुग्णालय किंवा शाळेला दिलेल्या देणगीवर ती मिळू शके.