वऱ्हाडांतील सभा व दूरचा रयत

सभास्थानीं न येतां सभेंत भाग घेतां यावा, ही मागणी नवी वाटली तरी तिचें मूळ जुनें आहे. मराठी मुलखांतील गोतसभांच्या महजरांवर पाटलाच्या नांवापुढें नांगराची निशाणी आढळते. वतनदार स्वतः हजर नसल्यास त्याचा मुतालिक त्याच्या वतीनें काम पाही, व तें गोतास मान्य असे. मात्र ही सवलत वतनास होती, रयतेस नव्हती, हें विसरतां कामा नये.

1853 सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें आणि पुढें बोर्डें व कमिट्या आल्या. तेथें सभासदानें जातीनें बसून मत द्यावयाचें. मुतालिकास जागा उरली नाहीं. अकोल्याचेंच पहा. 1998 पर्यंत वाशिम व मंगरूळपीर त्याच जिल्ह्यांत मोडत. हीं दोन्हीं बालाघाटावर, तर अकोला पयानघाटांत. तेव्हां सभासदास घाट उतरूनच यावें लागे. मेळघाटची तऱ्हा याहून कठीण. धारणीहून अमरावती सडकेनें 60 मैलांहून अधिक, आणि मध्यें सातपुड्याचे डोंगर. कोरकू शेतकऱ्याचें म्हणणें त्या बैठकीपर्यंत पोंचावें कसें?

मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनें 1948 च्या कायद्यानें निराळा मार्ग धरिला. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या योजनेप्रमाणें जिल्हा कौन्सिलें मोडून तहशीलवार जनपद सभा स्थापन झाल्या. योजनेचे इतर हेतु होतेच. परंतु माणसास सभेकडे न ओढतां सभाच त्याच्याजवळ न्यावी, हें तिचें खरें मर्म, असें आम्हांस वाटतें. 1 मे 1962 रोजीं जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या आणि जनपदें विस्मृतींत गेलीं.

2020 सालीं करोनाच्या सांथींत राज्य शासनानें महापालिकांच्या सभा दूरदृश्य पद्धतीनें भरविण्यास मुभा दिली. नगरसेवक घरून बोलूं लागले. त्याच वर्षीं ग्रामसभा मात्र कांहीं काळ तहकूब राहिल्या. सवलत पुन्हां पदास मिळाली, रयत बाहेरच.

धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रांत आहेत. 2014 च्या पेसा नियमांनीं तेथील एखाद्या पाड्यासहि स्वतंत्र गांव ठरवून आपली ग्रामसभा तेथेंच भरवितां येते. ही जनपदाचीच दिशा होय. जनपद सभांचीं हजेरीपुस्तकें वा इतिवृत्तें कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं तीं मंडळास अवश्य दाखवावीं. दूरच्या गांवांचे सभासद किती वेळां आले, हें त्यांवरूनच कळेल.