दिल्लीच्या उर्दूचं विसरलेलं पान

दिल्लीची उर्दू म्हटलं की आपल्याला गालिब आणि मुशायरे आठवतात. याच शहरात १८५७ पूर्वी गणित आणि विज्ञानही उर्दूतून शिकवलं जात होतं, याची आठवण मात्र क्वचितच निघते.

अजमेरी दरवाजाजवळ गाजीउद्दीन खानांचा जुना मदरसा होता. तिथेच १८२५ मध्ये दिल्ली कॉलेज सुरू झालं. पाश्चात्त्य ज्ञान इथे उर्दूतून शिकवलं जाई आणि त्यासाठी इंग्रजी पुस्तकांची उर्दू भाषांतरं केली गेली. मास्टर रामचंद्र इथेच शिकले आणि इथेच शिक्षक झाले. जन्माने कायस्थ, पुढे ख्रिस्ती झालेले रामचंद्र विज्ञानावर उर्दूत लिहीत. १८५० मध्ये त्यांनी गणितावर एक इंग्रजी पुस्तक लिहिलं. ऑगस्टस डी मॉर्गन या नामवंत गणितज्ञाने ते १८५९ मध्ये लंडनहून पुन्हा प्रसिद्ध करवलं.

१८५७ च्या उठावात कॉलेजचे प्राचार्य टेलर बंडवाल्यांच्या हातून मारले गेले. इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर फारसीचे उस्ताद इमाम बख्श सहबाई यांना गोळ्या घातल्या. १८६४ मध्ये कॉलेज पुन्हा उघडलं, पण १८७७ मध्ये बंद पडलं.

उर्दू माध्यमातली मुलं आजही विचारतात, "सर, आपल्या भाषेतून विज्ञान जमेल का?" मी त्यांना मास्टर रामचंद्रांची गोष्ट सांगतो. ज्या भाषेत त्यांनी विज्ञान शिकवलं, तीच भाषा आपण निव्वळ शायरीची आणि एकट्या मुसलमानांची मानून बसलो आहोत.