कर्ण्यापासून केबलपर्यंत



गिटारचा प्रोसेसर घरच्या संगणकाला कसा जोडावा, हा विषय वरकरणी दुकानदाराने गिऱ्हाइकाला उभ्या-उभ्या समजावून द्यावा असा आहे. तो इतिहासाच्या व्याख्यानात कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर त्यात वावगे काही नाही. परंतु त्या हातभर केबलीमागे सव्वाशे वर्षांची एक वाटचाल उभी आहे. आवाज टिपून ठेवण्याचे साधन गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसापासून किती लांब होते आणि ते कसकसे त्याच्या घरापर्यंत येऊन पोचले, याची ती हकिगत आहे. गोंदिया जिल्ह्यातील आपण लोकांनी तर ती अवश्य समजून घेतली पाहिजे, कारण तिचा आरंभच आपल्यासारख्या रानमुलखाशी जोडलेला आहे.

आपल्या भागात पळस आणि कुसुम या झाडांवर लाखेचा किडा पोसण्याचा उद्योग जुना आहे. मध्य आणि पूर्व हिंदुस्थानच्या जंगलांतून गोळा झालेली लाख परदेशी जात असे, आणि ग्रामोफोनची जुनी तबकडी घडवताना याच लाखेने बाकीचा मालमसाला बांधून धरलेला असे. म्हणजे तबकडीचा कच्चा माल रानातून गेला. रानातले गाणे मात्र त्या तबकडीवर फारसे चढले नाही. असे का झाले आणि आज ते कसे बदलू शकते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

एडिसनने १८७७ साली बोलते यंत्र केले. बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडीची युक्ती काढली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान आदी कलावंतांचा आवाज मेणाच्या जाड चकत्यांवर घेतला. त्या चकत्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जात, तेथे तबकड्या छापल्या जात आणि मग त्या विक्रीसाठी इकडे परत येत. कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ साली. गाणारी येथली, लाख येथली आणि छपाई सातासमुद्रापलीकडची, असा तो व्यवहार होता.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणात विजेचा संबंधच नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे, त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा हलावा, पडद्याने सुई हलवावी आणि सुईने मेण कोरावे, एवढाच प्रकार. जोरकस आवाज उमटे, नाजूक आवाज विरून जाई. तंबोऱ्याची आस तर हवेतच राही. त्यात वेळ तीन-साडेतीन मिनिटांचा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या आणि त्यांच्या अखेरच्या वर्षांतील, १९३० नंतरच्या तबकड्या एकामागून एक ऐकाव्यात. गळा एकाच गवयाचा, पण दोहोंच्या मध्ये एक शोध उभा आहे.

तो शोध विजेवरच्या ध्वनिमुद्रणाचा. १९२५ पासून तो प्रचारात आला. आवाजाचे विजेच्या प्रवाहात रूपांतर झाले, आणि एकदा आवाज तारेतून वाहू लागला की एक यंत्र दुसऱ्या यंत्राला जोडता येते. ‘जोड’ ही गोष्ट ध्वनीच्या इतिहासात खऱ्या अर्थाने तेव्हापासून आली. याच तत्त्वावर १९३१ च्या सुमारास जॉर्ज बोशॅम्प याने गिटारच्या तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण प्रवाह निर्माण होतो. इलेक्ट्रिक गिटार म्हणतात ती हीच. तिला आवाजासाठी लाकडाच्या पोकळ पेटीची गरज उरली नाही. गरज उरली ती चांगल्या जोडाची.

घरी ध्वनिमुद्रण करण्याचा मोठा प्रयत्नही एका गिटारवादकानेच केला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अमेरिकेत लेस पॉल याने आपल्या घराच्या मोटारखान्यात एकावर एक आठ गिटारी स्वतःच वाजवून एक गीत सिद्ध केले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्याच १९४८ साली नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. गोंदियाच्या कलावंताला आपला आवाज यंत्रात जावा असे वाटले, तर त्याने आगगाडीने सव्वाशे-दीडशे किलोमीटर नागपूर गाठावे, आवाजाची परीक्षा द्यावी आणि बोलावण्याची वाट पाहावी. आकाशवाणीने लोककलेची फार मोठी सेवा केली, यात शंका नाही. तथापि दार एकच होते आणि ते दूर होते.

पुढे १९६३ साली फिलिप्सने छोटी कॅसेट काढली. १९८० नंतर तिने आपल्या देशात तबकडीची मक्तेदारी मोडली. गावोगावची भजने, लावण्या, बोलीतली गाणी बाजारात आली. १९७९ साली टॅस्कम कंपनीने साध्या कॅसेटवर चार पदर निरनिराळे घेणारे यंत्र घरगुती वापरासाठी काढले. कॅसेटीचा दोष असा की प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढे आणि मूळ सूर मागे पडे.

यावर उपाय निघाला तो आकड्यांचा. आवाजाची लाट सेकंदात हजारो वेळा मोजावयाची आणि माप लिहून ठेवावयाचे, ही कल्पना अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली मांडली होती. ती घरोघर पोचली १९८२ च्या कॉम्पॅक्ट डिस्कमुळे. तीत आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवले जाते. आकड्याची नक्कल कितीही वेळा केली तरी आकडा झिजत नाही. १९८९ साली क्युबेस, १९९१ साली प्रो टूल्स आणि २००० साली कोणालाही फुकट घेता येणारे ऑडॅसिटी, असे स्टुडिओचे टेबलच संगणकाच्या पडद्यावर उतरले. १९९६ साली यूएसबीचा जोड आला. तो घडवणाऱ्यांत बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे अभियंते होते. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीने ‘पॉड’ ही लाल रंगाची डबी काढली आणि जुन्या वजनदार अॅम्प्लिफायरांचे आवाज आकडेमोडीने उभे करून दाखवले. गिटारचा डिजिटल प्रोसेसर घराघरांत शिरला तो या वाटेने.

आता प्रत्यक्ष जोडाकडे वळू. गिटारच्या वेटोळ्यातून येणारा प्रवाह फार नाजूक असतो. तो संगणकाच्या साध्या मायक्रोफोनच्या भोकात खुपसला तर त्या भोकाचा भार त्याला सोसत नाही. वरचे तेजस्वी स्वर दबतात आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा होतो. त्याला सुमारे दहा लाख ओहमचा अडसर असलेले द्वार लागते. प्रोसेसर हे द्वार पुरवतो, प्रवाहाचे आकडे करतो, त्यांवर संस्कार करतो, आणि त्यात ध्वनी वाहून नेणारी यूएसबीची सोय असेल तर ते आकडे जसेच्या तसे संगणकाला देतो. अशा वेळी संगणकात वेगळे साऊंडकार्ड मध्ये आणू नये; प्रोसेसरच साऊंडकार्ड होतो. त्याचा ड्रायव्हर कंपनीचा घ्यावा आणि ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरात येणारा व जाणारा, दोन्ही मार्ग त्याच्याच नावे लावावे. प्रोसेसरात ही सोय नसेल, तर त्याच्या लाइन आउटमधून तार काढून ती ऑडिओ इंटरफेसमार्गे संगणकाला द्यावी.

तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि तिन्हींना इतिहासात पूर्वज आहेत. पहिली वेगाची. प्रोसेसर सेकंदाला ४८,००० मापे घेत असेल आणि एखाद्या कार्यक्रमाने ती ४४,१०० समजून वाजवली, तर गीत संथ होते आणि सूर सुमारे दीड अर्धस्वराने उतरतो. जुन्या तबकड्यांचे हेच झाले आहे. ‘अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या’ म्हणवणाऱ्या तबकड्या प्रत्यक्षात कमी-अधिक वेगाने कोरल्या जात. म्हणून अमुक गायिका नेमकी कोणत्या पट्टीत गात होती, यावर अभ्यासकांचे वाद होतात. दुसरी गोष्ट पातळीची. मेणाच्या चकतीवर आवाज जास्त झाला तर सुई उडे. आकड्यांत शेवटच्या पायरीच्या वर जागाच नाही, म्हणून लाटेचा माथा छाटला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. वर मोकळी जागा ठेवूनच वाजवावे. तिसरी गोष्ट विलंबाची. संगणक आकडे गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो. २५६ मापांच्या गठ्ठ्याला सेकंदाचा सुमारे १७० वा भाग लागतो. येताना एक आणि जाताना एक असे दोन गठ्ठे धरले तर वादकाला आपलाच सूर चार मीटर लांबून ऐकू यावा तसा ऐकू येतो. गठ्ठा लहान केला की विलंब कमी होतो, फार लहान केला की संगणक अडखळून कडकड करतो. सुवर्णमध्य ज्याचा त्याने शोधावा, किंवा संगणकाची वाट न पाहता प्रोसेसरलाच हेडफोन लावून ऐकावे. याखेरीज घरातील विजेचे अर्थिंग नीट नसेल तर पन्नास हर्ट्झची गुणगुण प्रत्येक गीतात बिनबोलावता हजर राहते. तिचा बंदोबस्त सॉफ्टवेअरात नसून भिंतीतल्या सॉकेटात आहे.

हे सगळे आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात का बोलावयाचे? दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीपर्यंत चालतो. गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील वडसा हे या नाटक मंडळ्यांचे मोठे ठाणे. रात्र रात्र चालणाऱ्या या नाटकांत संगीत साक्षात वाजते. पेटी, तबला, ढोलक यांच्या सोबतीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड येऊन बसले आहेत. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव देशाने ऐकले. दंडार आहे, खडी गंमत आहे, कचारगडच्या यात्रेत गोंडी गाणी आहेत, लग्नघरी पोवारी गाणी आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी झाडीबोलीचा लेखी अभ्यास उभा केला. पण शब्द कागदावर राहतो. हेल, ठेका आणि दोन ओळींच्या मधला हुंकार कागदावर राहत नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या जोडीला सरकारने निरनिराळ्या प्रांतांतील बोली तबकडीवर घेतल्या होत्या. त्या प्रामुख्याने अंमलदारांच्या उपयोगासाठी. ज्यांचा आवाज होता, त्यांच्या घरी तो परत येण्याची सोय त्या योजनेत नव्हती.

आज ती सोय आपल्या हाती आहे. गिटार वाजवणाऱ्या मुलाच्या टेबलावर जो जोड तयार आहे, त्याच जोडात एक मायक्रोफोन लावला की आजीचे जात्यावरचे गाणे टिपता येते. त्यासाठी नागपूर-मुंबई गाठावी लागत नाही. मात्र यंत्र घरी आले, तशी जबाबदारीही घरी आली, हे विसरून चालणार नाही. पूर्वी जपणूक कंपनीची किंवा आकाशवाणीची होती. आता ती ज्याची त्याने करावयाची आहे. लाखेच्या शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्या आजही सुई लावली की बोलतात. दहा वर्षांपूर्वीची हार्ड डिस्क बोलेलच असे नाही. म्हणून टिपलेले गाणे साध्या वेव्ह फाइलीत ठेवावे, प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या आणि गाणारे कोण, गाव कोणते, तारीख कोणती, हे सोबत लिहावे. शक्य तेथे प्रोसेसरचा संस्कार न झालेला कोरा सूरही वेगळा राखावा. साज पुढच्या पिढीला आपल्या आवडीने चढवता येईल. मूळ सूर गेला तर तो तिला कोठून आणता येणार?

इतिहासात साधनांची कमतरता ही पुष्कळदा खरी सबब होती. आपल्यापुरती ती सबब संपली आहे. या वर्षीच्या हंगामात, होळीचा शेवटचा प्रयोग होण्याआधी, निदान प्रत्येक तालुक्यातून एका म्हाताऱ्या शाहिराचा आवाज कोणीतरी टिपून ठेवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.