विहिरीचं पाप

वसईत माणसं बिघडायला केव्हा सुरुवात झाली, याची तारीख ज्याची त्याची वेगळी आहे. माझे आजोबा ती द्वितीय व्हॅटिकन परिषदेपाशी नेत. त्यांच्या धाकट्या भावाच्या हिशेबात कौलांवर टीव्हीच्या अँटेना दिसू लागल्या, तिथून घसरण सुरू झाली. आत्या म्हणे, विरार लोकल वाढल्या आणि तरुण पोरं रात्रीच्या जपमाळेला घरी येईनाशी झाली. आता माझ्या पिढीतले आईबाप मोबाइलकडे बोट दाखवतात. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात हा वाद अजून रंगतो आणि अधःपतन झालं आहे यावर सर्वांचं एकमत असतं. आजी तेवढी तारीख सांगत नसे. ती गोष्टी सांगे, आणि त्या गोष्टी कुणाच्याच बाजूनं पुरत्या उभ्या राहत नसत.

आजोबांचं दुःख खरं होतं. त्यांच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि फादर वेदीकडे तोंड करून उभे राहत. कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे. पहाटे वाडीत रहाट हाकून, उपाशीपोटी चिखल तुडवत ते चर्चला जात. पुढे पायस बाराव्या पोपनी हा उपवास १९५७ मध्ये तीन तासांवर आणला आणि सहाव्या पॉलनी १९६४ मध्ये एका तासावर. "तासभर तर माणूस एरवीही खात नाही, त्यात देवाला काय दिलं?" असं आजोबा विचारत. त्यावर आजीचं उत्तर ठरलेलं असे. लॅटिन मिस्सेत ती वर्षानुवर्षं जपमाळ ओढत बसली होती, कारण पुढं काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा तिनं पहिल्यांदा नीट ऐकलं. "जेवायला बोलावलंय एवढं कळायला मला नातवंडं व्हावी लागली," ती म्हणे. एकाच घटनेत आजोबांनी काहीतरी गमावलं आणि आजीनं काहीतरी मिळवलं. तेव्हापासून 'पूर्वीची श्रद्धा' असं कुणी म्हटलं की कुणाची, हे मी विचारते.

तिच्या गोष्टींतला भूतकाळ तसा शांतही नव्हता. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेनं वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज पाद्री निघून गेले. मागं राहिलेल्या ख्रिस्ती गावांची काळजी एतद्देशीय धर्मगुरूंवर आली. ते मोजके होते आणि गावं लांब लांब. आजीच्या माहेरी असं सांगत की त्या काळात प्रार्थना टिकल्या त्या चुलीपाशी, बायकांच्या तोंडी. पुढे इंग्रजी अमदानीत निराळाच घोळ झाला. मुंबई परिसरातल्या कॅथलिकांवर दोन अंमल होते. एक पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाचा पाद्रोआदो, दुसरा थेट रोमच्या अखत्यारीतला प्रोपगांडा. एकाच श्रद्धेची माणसं चर्च कोणत्या बिशपचं यावरून भांडत. १९२८ च्या करारानं हा दुहेरी कारभार संपला. म्हणजे मागं वळून बघावं असा सोन्याचा काळ शोधत गेलं, तर एक भांडण ओलांडून आपण दुसऱ्या भांडणात जाऊन पडतो.

तरीही आजीच्या काळाकडे असं काही होतं, जे आज हाताला लागत नाही. आमच्या वाडीत केळी, पानवेल आणि मोगरा होता. वाडीच्या कडेला बावखल होतं. पावसाचं पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरींना उन्हाळाभर पुरे. विहीर सातबाऱ्यावर आमची होती. तिच्यावर पाणी भरायला मात्र आळीतली सगळी घरं येत आणि एप्रिल-मे मध्ये पाणी उतरलं की आधी कुणी भरायचं, हे म्हाताऱ्या बायका ठरवत. बावखलातला गाळ पावसाआधी सगळे मिळून काढत आणि तो केळीच्या बुंध्यांना घालत. यात कुणाला आपण पुण्य करतोय असं वाटत नव्हतं. न आलेल्या घराचं नाव मात्र वर्षभर निघे.

पैशाच्या बाबतीतही तसंच. वाडीवाले सावकाराच्या कर्जात बुडालेले असताना मॉन्सिन्यर पी. जे. मोनिस यांनी १९१८ मध्ये पापडीला कॅथलिकांची सहकारी पतपेढी उभी केली. आजची बसीन कॅथलिक बँक ती हीच. पोप लिओ तेराव्यांचं कामगारांविषयीचं 'रेरुम नोवारुम' हे पत्र १८९१ चं. रोममधला तो विचार वसईच्या शेतकऱ्याकडे पासबुकाच्या रूपानं पोचला. पणजोबांनी पहिलं कर्ज फेडलं, त्या दिवशी फादरांना केळीचा घड नेऊन दिल्याची गोष्ट घरात अजून सांगतात. धर्म आणि व्यवहार यांच्यात भिंत नव्हती, ती अशी.

पण एक भिंत होती आणि तिची गोष्ट आजी क्वचित सांगे. तिच्या लहानपणी गावातल्या एका सुनेनं विहिरीत जीव दिला. तिला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही, कुंपणाच्या भिंतीबाहेर पुरलं. तेव्हाच्या, १९१७ च्या चर्च-कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धर्मविधीनं दफन नाकारलेलं होतं. फादर विहिरीवर पवित्र पाणी शिंपडून गेले, मग लोक पुन्हा पाणी भरू लागले. "विहीर शुद्ध केली," आजी सांगे, "पण तिच्या घरी जाऊन कुणी विचारलं नाही, पोरीला काय सोसावं लागलं म्हणून." सासरची माणसं पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर होती. पाप एका बाईच्या नावावर जमा झालं आणि हिशेब मिटला.

१९८३ च्या नव्या कायद्यात ती बंदी राहिली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात चर्चनं सांगितलं की मानसिक व्याधी, यातना किंवा भय यांमुळं अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि त्याच्या तारणाविषयी आशा सोडू नये. ज्या वर्षांना आमची वडीलधारी माणसं अधःपतनाची म्हणतात, त्याच वर्षांत चर्च एका जागी चढून वर आलं. आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भिंतीबाहेरची जागा आता कुणाला दाखवता येते का?" दाखवता येत नव्हती. तिथून रस्ता गेला होता.

तो रस्ता आमच्या वडिलांच्या पिढीचा. १९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनाचं काम सिडकोकडे आलं. त्याच्या आगेमागे जमिनीचे भाव असे चढले, की वाडीतलं सालभराचं उत्पन्न एका गुंठ्यापुढं हास्यास्पद दिसू लागलं. इमारती आल्या, त्यांना नळ नव्हते, मग विहिरींवर पंप बसले आणि टँकर उभे राहिले. आमच्या घराण्यातल्या एका विहिरीवरही पंप बसला. पाणी रात्रंदिवस उपसलं गेलं आणि समुद्राजवळच्या विहिरी खारट होऊ लागल्या. बावखलं भरणी टाकून बुजवली गेली, कारण पाण्याला भाव होता तरी पाणी साठवणाऱ्या खड्ड्याला नव्हता. केळी वाळली. २००९ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली.

याला विरोध झाला आणि तोही चर्चमधूनच. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली सर्व धर्मांच्या लोकांना रस्त्यावर आणलं. टँकर अडवले गेले, मोर्चे निघाले. पण मोर्च्यात चालणारा आणि टँकरला पाणी विकणारा रविवारी एकाच बाकावर बसत. दोघंही उपवासकाळात मांस सोडत, दोघंही ईस्टरआधी कन्फेशनला जात. माझा प्रश्न इथे आहे. कन्फेशनला जाताना आम्हाला लहानपणी दहा आज्ञांवरून मन तपासायला शिकवलं होतं: खोटं बोललो का, आईबापांचा मान राखला का, दुसऱ्याच्या वाडीतला आंबा घेतला का. आंबा त्या यादीत होता, पाणी नव्हतं. शेजाऱ्याची विहीर कोरडी करून गावचं गाव खारट करणारा माणूस सातव्या आज्ञेवरून निर्धास्त पुढं सरकू शकत होता.

चर्चच्या शिकवणीत हे नव्हतं असं नाही. संपत्ती स्वतःची म्हणून सांभाळावी, पण वापरताना ती सर्वांची समजावी, हे संत थॉमस अक्विनास तेराव्या शतकात लिहून गेले. खासगी मालकी सर्वांच्या वापराच्या हक्काखाली येते, असं जॉन पॉल दुसऱ्यांनी १९८१ मध्ये सांगितलं आणि १९८७ मध्ये ते 'पापाच्या रचनां'विषयी बोलले: अनेकांच्या लोभातून उभी राहिलेली आणि मग त्या अनेकांनाही ओढून नेणारी व्यवस्था. २०१५ च्या 'लाउदातो सी'मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पाणी हा मूलभूत हक्क म्हटला. हे सगळं प्रवचनांत आलं, 'सुवार्ता'त आलं. कन्फेशनच्या जाळीपर्यंत ते पोचलं नाही.

म्हणून अधःपतन म्हटलं की मी चर्चमधली डोकी मोजत नाही. वसईतली चर्चेस भरलेली असतात. तोकडे कपडे आणि उशिरापर्यंतचं नाचगाणं यांवरची प्रवचनंही मला फारशी हलवत नाहीत, विशेषतः जगभर धर्मगुरूंनी लहान मुलांवर केलेले अत्याचार आणि बिशपांनी घातलेली पांघरुणं उघडी पडल्यानंतर. तिथंही दुखणं तेच होतं. एका धर्मगुरूचं पाप म्हणून प्रकरण बंद करायचं आणि त्याला वाचवणाऱ्या व्यवस्थेला विचारायचं नाही. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी कळवणं धर्मगुरूंना बंधनकारक केलं आणि दडपणाऱ्या बिशपांनाही चौकशीच्या कक्षेत आणलं, ते याचसाठी महत्त्वाचं आहे.

आमच्याकडून जे गेलं ते आजीच्या गोष्टींत नीट दिसतं. विहिरीवरची पाळी, गाळ काढायला न येणाऱ्याची वर्षभर निघणारी लाज, सावकाराविरुद्धची पतपेढी: गावानं मिळून उत्तर द्यायची सवय गेली. आणि जे तेव्हाही नव्हतं तेही तिथंच दिसतं: भिंतीबाहेर पुरलेल्या सुनेसाठी गावानं मिळून केलेली कबुली. जुने दिवस परत आणायचे म्हणजे ती सवय हवी, ती भिंत नको, हे वडीलधाऱ्यांना सांगायला मी आता कचरत नाही.

काही गावांत पोरं बुजलेली बावखलं शोधून उकरू लागली आहेत. त्या पोरांतली कित्येक रविवारी मिस्सेला येत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी तक्रार ऐकू येते. येत्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात पश्चात्तापाची सामूहिक प्रार्थना होईल, तेव्हा मन तपासण्याच्या यादीत पाणी, जमीन आणि गप्प बसणं हे तीन प्रश्न घालावेत, असं मी पॅरिश कौन्सिलला लिहून दिलं आहे. एका ज्येष्ठ सभासदानं विचारलं, "पण यात पाप कुणाचं धरायचं?" आपल्या सगळ्यांचं धरायचं, आणि प्रायश्चित्त म्हणून पुढच्या मे महिन्यात त्या पोरांबरोबर गाळ काढायला जायचं.