‘त्यांना’ हा शब्द गाळलेली प्रार्थना

१९४० सालचा नाताळ. इंग्लंडच्या मध्यभागातलं कॉव्हेंट्री शहर. तिथल्या सेंट मायकल कॅथेड्रलमध्ये त्या दिवशी काही माणसं जमली होती. कॅथेड्रल म्हणायचं, पण छप्पर नव्हतं. खांब कोसळलेले, काचा वितळून गेलेल्या. उभ्या होत्या त्या फक्त बाहेरच्या भिंती आणि एका टोकाला उंच मनोरा. त्या ढिगाऱ्यात बीबीसीचा मायक्रोफोन लावला होता. नाताळचा खास कार्यक्रम तिथून साम्राज्यभर प्रक्षेपित होणार होता.

मायक्रोफोनसमोर उभे होते रिचर्ड हॉवर्ड. ते या कॅथेड्रलचे प्रोव्होस्ट, म्हणजे मुख्य धर्मगुरू. सहा आठवड्यांपूर्वी याच इमारतीच्या छपरावर चढून ते पेटते बॉम्ब खाली ढकलत होते. आता त्यांना नाताळचा संदेश द्यायचा होता. त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा: ख्रिस्त आज पुन्हा आमच्या हृदयात जन्मला आहे. म्हणून, कितीही अवघड असलं तरी, सूडाचे सगळे विचार मनातून हद्दपार करायचा आमचा प्रयत्न आहे. जुलूम आणि क्रौर्य यांच्यापासून जगाला वाचवण्याचं काम आम्ही पूर्ण करणारच. पण हा संघर्ष संपल्यावर आम्हाला जास्त दयाळू, जास्त साधं, बाळ येशूला शोभेल असं जग उभारायचं आहे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगायचं तर थोडा चिडलो. क्षमेची भाषणं मला लवकर पटत नाहीत. आपल्याकडे कुणाचं वाटोळं झालं की चार शहाणी माणसं येऊन म्हणतात, ‘जाऊ दे, सोडून दे.’ त्या ‘सोडून दे’चा बहुतेक वेळा अर्थ असतो, ‘आम्हाला आता त्रास नको.’ मग हॉवर्ड वेगळं काय म्हणत होते? आणि म्हणायचा अधिकार त्यांना कुणी दिला? त्यासाठी आधी ती रात्र बघावी लागते.

अकरा तास

कॉव्हेंट्री हे कारखान्यांचं शहर. मोटारी, सायकली, विमानांची इंजिनं, यंत्रं बनवणारी यंत्रं. लोकवस्ती अडीच लाखांच्या आसपास. युद्धाच्या हिशेबात हे लक्ष्य होतं, यात शंका नाही. पण कारखाने आणि कामगारांची घरं एकमेकांना चिकटून होती आणि मधोमध मध्ययुगीन गल्ल्या.

१४ नोव्हेंबर १९४० ला संध्याकाळी सातच्या सुमारास हल्ला सुरू झाला. चांदणं लख्ख होतं. जर्मन हवाई दलाने या मोहिमेला बेथोव्हेनच्या एका रचनेचं नाव दिलं होतं, ‘मूनलाइट सोनाटा’. सुमारे ५०० विमानं लाटांमागून लाटा येत राहिली ती थेट पहाटेपर्यंत, जवळजवळ अकरा तास. आधी आगलावे बॉम्ब, मग स्फोटकं, मग पुन्हा आगलावे. साडेपाचशेहून जास्त माणसं मेली. हजारो घरं पडली. अनेकांची ओळखही पटली नाही. त्यांना सामुदायिक दफनभूमीत पुरावं लागलं.

कॅथेड्रलवर पहारा देत चौघे होते. हॉवर्ड, गवंडीकाम करणारे जॉक फोर्ब्स आणि दोन तरुण. छपरावर पडलेले बॉम्ब ते वाळू टाकून विझवत होते, फावड्याने खाली लोटत होते. एक विझवला की दुसरे पडत. शेवटी वाळू आणि पाणी संपलं, शहरातले नळ फुटले होते. मग जे हाती लागलं ते घेऊन ते बाहेर पडले आणि पाचशे वर्षं जुनी इमारत जळताना बघत राहिले.

सकाळी ढिगाऱ्यात फोर्ब्सना छताच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या पडलेल्या दिसल्या. त्यांनी त्या बांधून क्रूस केला. छपराच्या तुळयांना ठोकलेले हातभर लांबीचे जुने खिळे जागोजागी पडले होते. एका धर्मगुरूंनी त्यातले तीन जोडून दुसरा क्रूस केला. या खिळ्यांच्या क्रूसाकडे आपण परत येऊ.

तारखांची साखळी

आता तारखा एका रांगेत लावून बघा.

८ नोव्हेंबर १९४०: ब्रिटिश विमानांचा म्युनिकवर हल्ला. नाझी पक्षाच्या उठावाच्या वार्षिक सोहळ्याचा तो दिवस. १४ नोव्हेंबर: कॉव्हेंट्री. हा म्युनिकचा बदला आहे, असं जर्मनांनी जाहीर केलं. वर ‘एखादं शहर पूर्ण उद्ध्वस्त करणं’ या अर्थाने कॉव्हेंट्रीच्या नावावरून एक नवं क्रियापदही प्रचारात आणलं. १६ डिसेंबर: शंभरहून जास्त ब्रिटिश विमानं मॅनहाइम या जर्मन शहरावर गेली. या वेळी लक्ष्य कुठला विशिष्ट कारखाना नव्हता, शहराचा मध्यभागच होता. हा कॉव्हेंट्रीचा बदला.

आणि २५ डिसेंबर: हॉवर्ड मायक्रोफोनसमोर.

म्हणजे ते बोलले तेव्हा त्यांच्या शहराच्या नावाने सूड घेऊन नऊच दिवस झाले होते. प्रत्येक बाजूकडे आदल्या हल्ल्याचं खरं, रक्ताने भरलेलं कारण होतं. प्रत्येकाला आपण फक्त उत्तर देतोय असंच वाटत होतं. ही साखळी आतून कधीच तुटत नाही, कारण आतून बघताना पहिला वार नेहमी समोरच्याचाच असतो.

हे लक्षात आल्यावर मला हॉवर्डचं म्हणणं वेगळं ऐकू यायला लागलं. ‘झालं ते विसरा’ असं ते म्हणाले नाहीत. हिटलरशी तह करा, असंही नाही. युद्ध जिंकायचं आहे हे त्यांनी त्याच दमात सांगितलं होतं. त्यांनी एकच गोष्ट नाकारली: आमच्या मेलेल्या माणसांचा वापर पुढच्या सूडाचं कारण म्हणून करायला आम्ही परवानगी देत नाही. मेलेल्या साडेपाचशेंच्या वतीने माफी देण्याचा हक्क त्यांना नव्हता. पण त्यांच्या नावाने आणखी माणसं मारू नका, हे म्हणायचा हक्क त्या शहरात राहणाऱ्या, त्या आगीतून बाहेर आलेल्या माणसाला नक्कीच होता.

अंगाईतला राजा

प्रक्षेपणाच्या शेवटी त्या भग्न भिंतींमध्ये एक जुनं गाणं गायलं गेलं, ‘कॉव्हेंट्री कॅरल’. याच शहरात सोळाव्या शतकात शिंप्यांचा आणि लोकर कातरणाऱ्यांचा संघ ख्रिस्तजन्माचं नाटक करायचा, त्यातली ही अंगाई. गातात त्या बेथलेहेममधल्या आया. हेरोद राजाला कळलंय की नवा राजा जन्मला आहे. त्या भीतीने त्याने गावातली दोन वर्षांखालची सगळी मुलगी-मुलगे नव्हेत, नेमके मुलगे मारायचा हुकूम दिलाय. सैनिक येण्याआधी आया बाळांना शेवटचं झोपवताहेत.

आपल्याला नाताळ म्हटलं की खिडकीतला कागदी तारा, प्लम केक, ऑफिसातला सिक्रेट सांता आठवतो. मॅथ्यूच्या शुभवर्तमानातल्या गोष्टीत मात्र ताऱ्यानंतर लगेच हे हत्याकांड येतं, आणि बाळाला घेऊन आईवडील रातोरात इजिप्तला पळतात. पाश्चात्त्य चर्चच्या पंचांगात त्या मारलेल्या बाळांचा स्मरणदिन नाताळनंतर तिसऱ्याच दिवशी, २८ डिसेंबरला असतो. म्हणजे हॉवर्डनी सणाच्या दिवशी काही विसंगत विषय काढला नव्हता. नाताळच्या मूळ गोष्टीतच सत्तेची भीती आहे, मेलेली मुलं आहेत आणि तरीही जन्म साजरा करण्याचा हट्ट आहे.

मग काय उपयोग झाला?

हा प्रश्न टाळता येत नाही. सूड थांबला का? नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग जळलं, पस्तीस हजारांहून जास्त माणसं गेली. ९ फेब्रुवारी १९४४ ला चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभं राहून विचारलं की अख्खी शहरंच्या शहरं जाळणं योग्य आहे का. धोरण बदललं नाही. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ड्रेस्डेनवर हल्ला सुरू झाला. ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्याची ती आदली रात्र. पुढच्या दोन दिवसांत तिथे सुमारे २५,००० माणसं मेली आणि फ्राउएनकिर्श हे भव्य चर्च कोसळलं.

म्हणजे रेडिओवरच्या त्या संदेशाने एकही विमान परत फिरलं नाही. गोष्ट इथेच संपली असती तर माझी सुरुवातीची चिडचिड बरोबर ठरली असती.

पण कॉव्हेंट्रीची माणसं आपल्या म्हणण्याला चिकटून राहिली. १९४७ मध्ये, युद्ध संपून दोन वर्षं झाली असताना, त्यांनी जर्मनीतल्या कील शहराशी नातं जोडलं. कील म्हणजे पाणबुड्यांचं बंदर, तेही बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं. तिथल्या चर्चला कॉव्हेंट्रीच्या जळक्या छपरातल्या खिळ्यांचा क्रूस भेट गेला. तसाच क्रूस पुढे बर्लिनला गेला, ड्रेस्डेनला गेला.

१९४८ मध्ये हॉवर्डनी भग्न वेदीमागच्या भिंतीवर दोन इंग्रजी शब्द कोरून घेतले, ‘फादर फर्गिव्ह’. हे बापा, क्षमा कर. मराठीत हे वाक्य खटकत नाही, आपण कर्म सहज गाळतो. पण इंग्रजीत ते अपुरं वाटतं. लूकच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरचा येशू आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, तिथे ‘त्यांना’ आहे. भिंतीवर तो शब्द नाही. १९४० साली तो गाळला असता तर ती फार मोठ्या मनाची गोष्ट वाटली असती. १९४८ साली, हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेननंतर, ती नुसती प्रामाणिक गोष्ट होती. आता ‘ते’ आणि ‘आम्ही’ अशी दोन वेगळी खाती उरली नव्हती.

हाताने केलेलं काम

साठच्या दशकाच्या सुरुवातीला काही जर्मन तरुण कॉव्हेंट्रीत आले. नाझींच्या गुन्ह्यांचं प्रायश्चित्त म्हणून पीडित देशांत जाऊन श्रमदान करणारी एक जर्मन ख्रिस्ती चळवळ होती, तिचे ते स्वयंसेवक. त्यांनी जुन्या कॅथेड्रलच्या पडक्या खोल्या बांधून तिथे एक आंतरराष्ट्रीय केंद्र उभारलं. १९६५ मध्ये उलटा प्रवास झाला. कॉव्हेंट्रीतून तरुण मुलं-मुली पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनला गेली आणि ब्रिटिश बॉम्बनी पडलेल्या एका ख्रिस्ती इस्पितळाचा भाग पुन्हा बांधायला मदत केली. तेव्हा बर्लिनची भिंत उभी होती, शीतयुद्ध ऐन भरात होतं. ही मुलं विटा उचलत होती.

दरम्यान, २५ मे १९६२ ला नव्या कॅथेड्रलचं समर्पण झालं होतं. वास्तुविशारद बेसिल स्पेन्स यांनी जुने अवशेष पाडले नाहीत. ते तसेच ठेवून शेजारी नवी इमारत बांधली. जखम झाकायची नाही आणि तिच्यातच राहायचंही नाही, हे त्या आराखड्यातच दिसतं. पाच दिवसांनी तिथे बेंजामिन ब्रिटन यांचं ‘वॉर रिक्विएम’ पहिल्यांदा सादर झालं. त्यांना तीन गायक हवे होते: एक इंग्रज, एक जर्मन, एक रशियन. जर्मन गायक डीट्रिश फिशर-डीस्काउ स्वतः जर्मन सैन्यात होते आणि युद्धकैदी झाले होते. ते आले. रशियन गायिका गलिना विश्नेव्हस्काया यांना मात्र सोव्हिएत सरकारने त्या प्रयोगासाठी येऊ दिलं नाही. तिघांनी एकत्र उभं राहण्याचं चित्र त्या दिवशी अपुरंच राहिलं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्श अनेक वर्षं दगडांच्या ढिगाऱ्यासारखं पडून होतं. जर्मनी एक झाल्यावर ते पुन्हा बांधलं गेलं आणि ३० ऑक्टोबर २००५ ला उघडलं. त्याच्या घुमटावरचा सोनेरी क्रूस ब्रिटिश लोकांच्या देणग्यांतून झाला. तो घडवणाऱ्या लंडनच्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांपैकी एकाचे वैमानिक होते.

या सगळ्यात ‘क्षमा’ नावाची भावना कुणाच्या मनात कधी उमटली, हे मला शोधता येणार नाही. दिसतं ते फक्त काम. खिळे जोडणं, पत्र लिहिणं, दुसऱ्याच्या शहरात जाऊन भिंत बांधणं. ‘सोडून दे’ म्हणायला एक क्षण लागतो. कॉव्हेंट्रीला म्युनिक-कॉव्हेंट्री-मॅनहाइम या साखळीऐवजी कॉव्हेंट्री-कील-ड्रेस्डेन ही दुसरी साखळी घडवायला साठ-पासष्ट वर्षं लागली. १९४० च्या नाताळला हॉवर्डनी जे सांगितलं, त्यात ‘प्रयत्न’ हा शब्द होता. तेव्हा मला तो पळवाट वाटला होता. आता वाटतं, त्या संदेशातला सगळ्यात खरा शब्द तोच होता.

दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता त्या छप्पर नसलेल्या भिंतींमध्ये आजही एक प्रार्थना म्हणतात. १९५८ मध्ये कॅथेड्रलमधल्या जोसेफ पूल या धर्मगुरूंनी ती लिहिली. राष्ट्राराष्ट्रांतला द्वेष, दुसऱ्याचं बळकावण्याची हाव, मत्सर, बेघरांबद्दलची आणि निर्वासितांबद्दलची बेपर्वाई, गर्व, अशी एकेक गोष्ट मोठ्याने उच्चारली जाते. प्रत्येकीनंतर जमलेली माणसं भिंतीवरचे तेच दोन शब्द म्हणतात. पाऊस असला तर छत्री घेऊन उभी राहतात.